मदत हवी आहे : एकाच नमुन्यात एक्सायटॉनचा जी-गुणक प्रत्येक रेषेला वेगळा का?

संत्रानगरी (प्रश्नकर्ती) :
नमस्कार. मी नागपुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या अंतिम वर्षाला आहे. मार्गदर्शकांनी मला कॅडमियम टेल्युराइडच्या क्वांटम वेलचे (इलेक्ट्रॉनांना दोन भिंतींमध्ये कोंडणाऱ्या अतिपातळ थराचे) चुंबकक्षेत्रात घेतलेले परावर्तन-वर्णपट दिले आहेत. त्यांत एक्सायटॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली धनभारित रिकामी जागा, यांच्या बांधलेल्या जोडीच्या) ओळीने अनेक रेषा दिसतात आणि प्रत्येक रेषेचे झीमन विभाजन (चुंबकक्षेत्रात रेषा दुभंगणे) आधीच्या रेषेपेक्षा जास्त आहे. जी-गुणक (दिलेल्या क्षेत्रात विभाजन किती होईल ते ठरवणारा अंक) पदार्थावर अवलंबून असतो असे आम्ही शिकलो. मग एकाच क्षेत्रात तो रेषेगणिक का वाढतो? परवा सादरीकरण आहे, कृपया थेट कारण सांगावे.

स्फटिकमित्र :
थर किती जाड आहे, तापमान किती होते, क्षेत्र थराला लंब होते की समांतर, आणि डावे व उजवे वर्तुळाकार ध्रुवण वेगळे करून मोजले होते का? हे कळल्याशिवाय कोणीही फक्त तर्कच करू शकेल.

धरमपेठकर :
मी अनेक वर्षे मँगनीजमिश्रित नमुन्यांवर काम केले आहे. मँगनीजचे अल्प प्रमाणही विभाजन कित्येक पटींनी वाढवते, म्हणून आधी नमुन्याची रासायनिक तपासणी करून घ्या.

स्फटिकमित्र :
धरमपेठकर, मँगनीज असते तर विभाजन क्षेत्राबरोबर वाढत जाऊन पुढे संपृक्त झाले (वाढायचे थांबले) असते आणि तापमान वाढताच घटले असते. ते रेषेच्या क्रमांकावर असे का अवलंबून राहील, हे आपल्या उत्तरातून स्पष्ट होत नाही.

बुटीबोरी :
कॅडमियम टेल्युराइडचा थर रासायनिक निक्षेपणाने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही बनवता येतो. हवी असल्यास कृती देतो.

संत्रानगरी :
आभार, पण नमुना तयार आहे. थर सुमारे 150 नॅनोमीटर, तापमान द्रव हेलियमचे, क्षेत्र थराला लंब, ध्रुवणे वेगळी मोजलेली. मँगनीज कोणत्याच थरात नाही.

रेशीमबाग :
मग ही चुंबकीय स्टार्क परिणामाची बाब आहे. चुंबकक्षेत्रात धावणाऱ्या एक्सायटॉनला स्वतःच्या चौकटीत विद्युतक्षेत्र जाणवते. थॉमस आणि हॉपफिल्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये कॅडमियम सल्फाइडमध्ये हे दाखवले.

स्फटिकमित्र :
ते कार्य मोलाचे आहे, पण तिथे गती क्षेत्राला लंब होती. इथे एक्सायटॉन थराच्या जाडीच्या दिशेने, म्हणजे क्षेत्राला समांतर फिरतो, त्यामुळे वेग आणि क्षेत्र यांचा सदिश गुणाकार शून्य येतो. कारण गतीतच आहे, मार्ग वेगळा आहे.

कॅडमियम टेल्युराइडमध्ये एक्सायटॉनची बंधनऊर्जा सुमारे 10 मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि बोर त्रिज्या (इलेक्ट्रॉन-होलमधले साधारण अंतर) सुमारे 7 नॅनोमीटर असते. 150 नॅनोमीटरच्या थरात तो अखंड राहून संपूर्णपणे फिरतो, आणि त्याचा तरंगसदिश (त्याच्या गतीचे माप) म्हणजे रेषेचा क्रमांक गुणिले पाय (π) भागिले जाडी. आपल्या रेषा याच क्रमांकांच्या आहेत. आठव्या रेषेला तरंगसदिश दर नॅनोमीटरला सुमारे 0.17 येतो, त्याला बोर त्रिज्येने गुणले की उत्तर एकाच्या पुढे जाते, म्हणजे गतीचा परिणाम नगण्य मानता येत नाही.

संयुजा पट्ट्याचा (होल ज्यात असतो त्या ऊर्जापट्ट्याचा) माथा चौपट अपभ्रष्ट, म्हणजे तिथे समान ऊर्जेच्या चार अवस्था असल्यामुळे, लटिंजर यांनी 1956 मध्ये मांडलेल्या समीकरणात होलची गती त्याच्या कोनीय संवेगाशी जोडलेली असते. परिणामी एक्सायटॉनच्या वस्तुमानकेंद्राची गती आणि इलेक्ट्रॉन-होलची परस्परसापेक्ष गती वेगळ्या करता येत नाहीत. तरंगसदिश वाढतो तसा जड होलच्या (कोनीय संवेग तीन-द्वितीयांश) 1एस, म्हणजे कक्षीय संवेग नसलेल्या, अवस्थेत हलक्या होलच्या (एक-द्वितीयांश) पी, म्हणजे एक एकक कक्षीय संवेगाच्या, अवस्थांचा अंश मिसळतो. होलचा कोनीय संवेग तीन-द्वितीयांशावरून एक-द्वितीयांश झाला की उरलेले एक एकक कक्षीय गतीकडे जाते. विरुद्ध स्पिनच्या होलसाठी ते उलट दिशेचे असते. या कक्षीय आघूर्णामुळेच विभाजन बदलते. हा परिणाम झिंक सेलेनाइड आणि गॅलियम आर्सेनाइडमध्येही आढळला आहे.

संत्रानगरी :
मग जी-गुणक कशाच्या सापेक्ष मांडावा?

स्फटिकमित्र :
तरंगसदिशाच्या वर्गाच्या सापेक्ष. मिश्रणाचा आयाम तरंगसदिशाच्या प्रमाणात आणि जी-गुणकातला बदल त्या आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने सुरुवातीला सरळ रेषा यावी. पुढच्या क्रमांकांना ती वाकेल, कारण तिथे मिश्रण लहान राहत नाही. जाडी घेताना दोन्ही बाजूंनी साधारण एक बोर त्रिज्या वजा करा, कारण एक्सायटॉन भिंतीला त्याहून जवळ जाऊ शकत नाही.

रेशीमबाग :
आणि प्रतिचुंबकीय सरकही (क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात रेषेचे सरकणे) मोजा. ती क्रमांकानुसार बदलत असेल, तर स्फटिकमित्र यांच्या स्पष्टीकरणाला स्वतंत्र आधार मिळेल.

धरमपेठकर :
रासायनिक तपासणीचा माझा आग्रह कायम आहे. परीक्षक तो प्रश्न विचारतीलच.