भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघ प्रेमळ झाला, तर ती गोष्ट तीच राहते का?

प्रश्न

नमस्कार. लोककथा, परीकथा आणि त्यांची नव्याने केलेली कथने वाचणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. एखादी गोष्ट मनात भरली की तिचे मिळतील तितके पाठ शोधायचे आणि कोणी काय बदलले, काय गाळले, काय हट्टाने तसेच ठेवले, हे पाहत बसायचे, यात मला जे सुख मिळते ते एरवीच्या वाचनात क्वचितच मिळते. गेल्या आठवड्यात मात्र एका प्रसंगाने मला विचारात पाडले, म्हणून येथे लिहीत आहे.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला मी ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही गोष्ट एका नव्या चित्रमय पुस्तकातून वाचून दाखवली. त्या पुस्तकातला वाघ म्हातारीला खायला टपलेला नाही. तो एकटा पडलेला आहे, त्याला कोणीतरी बोलायला हवे आहे, आणि म्हातारी लेकीकडे जाऊन आल्यावर त्याच्याशी मैत्री करते. चित्रे सुरेख होती आणि भाषाही नेटकी होती. भाचीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, “मग ती भोपळ्यात का बसली?”

मला उत्तर देता आले नाही. वाघाची भीती काढून टाकल्यावर भोपळ्याचे काही कामच उरत नाही, आणि तरीही तो गोष्टीत आहे, कारण भोपळ्यावाचून ही गोष्ट कोणी ओळखणार नाही. लेखकाचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. पुनर्कथनाच्या मी विरोधात तर मुळीच नाही. पण कथा नव्याने सांगताना काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हे आपण कसे ठरवता? ‘मूळ गोष्ट’ नावाचे काही असते का, आणि असेल तर ती कोणती मानावी?

प्रतिसाद १

आपल्या भाचीचा प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याकडे येण्याआधी ‘मूळ’ या शब्दाविषयी थोडे लिहितो, कारण माझ्या वाचनाची सुरुवातीची कित्येक वर्षे त्या शब्दाच्या मागे धावण्यात गेली.

ग्रिम बंधूंचा संग्रह म्हणजे जर्मन लोककथांचे अस्सल रूप, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये आणि दुसरा १८१५ मध्ये आला, आणि त्यानंतर १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, प्रामुख्याने विल्हेल्म ग्रिम यांनी, त्यातल्या कथांवर सतत हात फिरवला. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती. ती सावत्र झाली १८१९ च्या आवृत्तीत. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून यायला सांगणारी बाईही आधी त्यांची आईच होती, आणि तिला सावत्र व्हायला १८४० उजाडले. म्हणजे परीकथेतली दुष्ट सावत्र आई, जिला आपण अनादिकाळापासून चालत आलेली समजतो, ती निदान या दोन कथांत तरी संपादकाने आणून बसवलेली आहे. आई असे करते हे छापायला त्यांचे मन धजावले नसावे, असे मला वाटते.

सगळ्यांत बोलका बदल रापुन्झेलच्या गोष्टीतला आहे. मनोऱ्यात कोंडलेल्या या मुलीकडे राजपुत्र चोरून येत असतो. १८१२ च्या पाठात ती एके दिवशी मनोऱ्याच्या मालकिणीला भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे अलीकडे मला घट्ट का होऊ लागले आहेत? त्या एका वाक्यात तिचे दिवस गेल्याचे कळते, तिला स्वतःला ते कळलेले नाही हेही कळते, आणि गुपित फुटते. पुढच्या आवृत्त्यांत हे वाक्य गेले. आता ती विचारते, की राजपुत्र तर चटकन वर येतो, मग तुम्हालाच ओढून घ्यायला मला इतके जड का जाते? गुपित इथेही फुटते, पण पहिल्या पाठातली अजाण मुलगी दुसऱ्या पाठात चक्क वेंधळी होऊन जाते. पुढे तिला जुळी मुले होतात हे मात्र नंतरच्या पाठातही तसेच राहिले, त्यामुळे लक्ष देऊन वाचणारा तिथे अडखळतोच. कारण काढून टाकले आणि परिणाम तेवढा ठेवला, अशी ही जागा आहे. आपल्या भाचीने भोपळ्याविषयी नेमके हेच पकडले.

तेव्हा ‘मूळ’ कोणते याचे उत्तर मी आता शोधत नाही. १८१२ च्या आधीही ती गोष्ट कोणीतरी, कुठेतरी, वेगळ्या शब्दांत सांगतच होते. इटलीत बझीले यांच्या संग्रहात मनोऱ्यातल्या मुलीची गोष्ट सतराव्या शतकातच छापली गेली होती.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातली माहिती मोलाची आहे; तरीही तिच्यातून ‘मूळ काही नसतेच, म्हणून सगळे पाठ सारखेच’ असा अर्थ कोणी काढू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे.

ज्या दोरोथिया फीमान यांच्याकडून ग्रिम बंधूंना दुसऱ्या खंडासाठी अनेक कथा मिळाल्या, त्यांच्याविषयी त्या खंडाच्या प्रस्तावनेत एक सुंदर नोंद आहे. त्या गोष्ट आधी सहज ओघात सांगत, आणि नंतर हवी असल्यास तीच गोष्ट सावकाश पुन्हा सांगत, म्हणजे ऐकणाऱ्याला लिहून घेता येई. पुन्हा सांगताना त्या काही बदलत नसत, आणि चूक झाली तर स्वतःच लगेच दुरुस्त करत. संपादक बदल करत होते आणि सांगणारी बाई मात्र शब्दाला पक्की होती! ‘चूक’ ही कल्पनाच जिला आहे, तिच्या मनात गोष्टीचा एक घाट नक्की असला पाहिजे.

तो घाट कसा ओळखावा, यासाठी मी सिंड्रेलाच्या बुटाकडे पाहतो. या कथेचे ३४५ पाठ मॅरियन रोआल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्येच एकत्र मांडले होते. चीनमध्ये नवव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ये शियानच्या कथेत परी नाही, तिथे मुलीला माशाच्या हाडांपासून वरदान मिळते, आणि तिचे पादत्राण सोन्याचे आहे. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या पाठात ते काचेचे आहे. ग्रिम यांच्याकडे पुन्हा सोन्याचे. वस्तू बदलली तरी चालते, पण ते पादत्राण एकीच्याच पायात बसले पाहिजे, यात तडजोड नाही.

आणि वस्तू बदलली की तिच्याबरोबर आणखी काय बदलावे लागते, हेही बघण्यासारखे आहे. ग्रिम यांच्या पाठात सावत्र बहिणींपैकी एक अंगठा कापते आणि दुसरी टाच कापते. राजपुत्र फसतो, आणि बुटात रक्त आहे हे कबुतरांनी ओरडून सांगेपर्यंत त्याला कळत नाही. बूट काचेचा असता तर हे घडूच शकले नसते, कारण पहिल्या पावलालाच रक्त दिसले असते. पेरो यांच्या कथेत बहिणी पाय कापत नाहीत, नुसता कोंबून पाहतात. त्यांनी हा विचार करून काच निवडली की काच निवडल्यावर हा प्रसंग आलाच नाही, हे सांगता येणार नाही, पण दोन्ही पाठ आपापल्या जागी पक्के बसतात. त्या पुस्तकातल्या वाघाचे असे झालेले दिसत नाही. लेखकाने वाघ बदलला आणि भोपळा तसाच सोडून दिला.

प्रतिसाद ३

मला वाघाची बाजू घ्यायची आहे.

हिंस्र प्राण्यात माया सापडणे ही कल्पना लोककथेला परकी नाही. सुंदरी आणि पशू यांची फ्रेंच कथा पाहा. व्हिलनव्ह यांनी ती १७४० मध्ये मोठ्या विस्ताराने लिहिली आणि १७५६ मध्ये बोमाँ यांनी ती आटोपशीर करून मुलींसाठी सांगितली. आज आपण जी ओळखतो ती बहुतेक बोमाँ यांच्याच वळणाची. तिथेही पशू प्रेमळ निघतो. परंतु तो प्रेमळ आहे हे कळण्याआधी वडिलांनी तोडलेल्या एका गुलाबासाठी मुलीला स्वतःचा जीव पणाला लावून त्याच्या दारी जावे लागते. भीती आधी पुरती भोगली जाते आणि मगच ती विरते. अँजेला कार्टर यांनी १९७९ च्या आपल्या संग्रहात ही कथा एकदा नव्हे, दोनदा सांगितली आहे. एकीत पशूचा माणूस होतो. दुसरीत वाघ मुलीला चाटत जातो आणि तिच्या कातडीखालून तिचीच लव वर येते, म्हणजे तीच वाघीण होते. दोन उलट शेवट एकाच लेखिकेने शेजारी शेजारी ठेवावेत, आणि दोन्ही खरे वाटावेत, याचे मला आजही नवल वाटते.

म्हणून वाघ प्रेमळ केला, याला माझी हरकत नाही. तो पहिल्या पानापासूनच प्रेमळ केला, ही अडचण आहे. म्हातारी त्याला भ्यावी, भोपळ्यात बसावी, त्याच्या समोरून जाताना तिचा श्वास अडकावा, आणि मग भोपळा फुटल्यावर जे काही नवीन घडायचे ते घडावे. लेखकाला हवी असलेली मैत्री तिथेही जमली असती, आणि भाचीच्या प्रश्नाला उत्तरही मिळाले असते.

एक उदाहरण आपल्या घरचेच देते. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, ही गोष्ट मी लहानपणी शेकडो वेळा ऐकली. पावसात घर वाहून गेलेला काऊ दारात उभा आहे, आणि चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला निजवू दे. लहानपणी मला त्या लयीचीच गंमत वाटायची. मोठेपणी तीच गोष्ट मोठ्याने सांगताना तिसऱ्या ‘थांब’पाशी माझा आवाज बदलला, कारण बाहेर कोणीतरी भिजत उभे आहे हे मला त्या क्षणी प्रथमच दिसले. मी एकही शब्द बदलला नव्हता. तेव्हापासून मला वाटते, की काऊच्या बाजूने ही गोष्ट नव्याने लिहायची झाली तरी ते दार आणि ते ‘थांब’ ठेवावेच लागेल, कारण काऊचे सगळे दुःख त्या ‘थांब’मध्ये आहे. चिऊने लगेच दार उघडले, तर काऊची बाजू मांडायला काही शिल्लकच राहत नाही.

प्रश्न विचारणारीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘कारण काढले आणि परिणाम ठेवला’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. काऊविषयी वाचल्यावर तर मी ती गोष्ट स्वतःशीच मोठ्याने म्हणून पाहिली, आणि तिसऱ्या ‘थांब’पाशी माझेही तेच झाले.

या चर्चेमुळे मी भोपळ्याच्या गोष्टीचे इतर पाठ काढून बसले. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या, थॉम्पसन यांनी वाढवलेल्या आणि उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडलेल्या सूचीत, ‘आत्ता नको, लठ्ठ झाल्यावर खा’ असे सांगून सुटणाऱ्या प्राण्यांना स्वतंत्र क्रमांक आहे. आपली म्हातारी त्याच कुळातली. इराणमध्येही ती लेकीकडे जाते, वाटेत तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि ती भोपळ्यातूनच परत येते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठात ती कुबडी आहे, दुध्या भोपळ्यात बसते, आणि शेवटी पकडली गेल्यावर घरी ठेवलेल्या आपल्या कुत्र्यांना हाक मारते. ते धावत येऊन तिला सोडवतात. तिन्ही ठिकाणी प्राणी वेगळे आहेत, शेवट वेगळे आहेत, पण भोपळ्यात बसण्याचे कारण एकच आहे.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याची पुरवणी

आपण दिलेल्या पाठांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. बंगालीतला भोपळा ‘गुडगुड’ जातो, म्हणजे गडगडत जातो. फारसीतल्या त्याच्या नावातही गडगडण्याचाच अर्थ आहे. आपला मात्र ‘टुणूक टुणूक’ जातो, म्हणजे उड्या मारत जातो. भोपळा खरोखर गडगडेल, उडी मारणार नाही, हे उघड आहे. तरीही मराठीत सांगणाऱ्या कोणा आजीने केव्हातरी त्याला उडी मारायला लावले, आणि ती उडी इतकी पक्की बसली की पुढच्या कोणी ती बदलली नाही. ‘कशाची म्हातारी अन् कशाची कोतारी’ असे वाघाच्या तोंडावर बेधडक सांगणारा आवाज गडगडणाऱ्या भोपळ्यातून आला असता, तर त्यात ही ऐट राहिली असती का, याची मला शंका आहे. म्हातारीची भीती आणि तिची हुशारी दोन्ही त्या उडीत आहेत.

प्रश्न विचारणारीचा प्रतिसाद

काल रात्री भाचीला पुस्तक न घेता, तोंडाने गोष्ट सांगितली. वाघ खायला टपलेलाच ठेवला, आणि भोपळा फुटल्यावर बंगाली पाठातले कुत्रे आणले. कुत्रे तिने लगेच मान्य केले, त्यांची नावेही तिनेच ठेवली. मग आपली पुरवणी आठवून मी मुद्दाम म्हणाले, “चल रे भोपळ्या गुडगुड गुडगुड.” ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, “असे नाही. पहिल्यापासून सांग.”