मदत हवी आहे: ‘मादोका’नंतर काय पाहू?

मंडळी, ‘मादोका मागिका’ (2011) ही जादुई मुलींची जपानी अ‍ॅनिमे मालिका नुकतीच संपवली. तिसऱ्या भागापर्यंत गोडगोड वाटत होती, मग झोपच उडाली! क्यूबे नावाचा मांजरासारखा प्राणी मुलींशी जादुई मुलगी होण्याचा करार करून त्यांची एक इच्छा पूर्ण करतो, पण त्याची खरी किंमत करार झाल्यावरच कळते. क्रौर्य रक्तात नाही, त्या व्यवहारात आहे, हे मला फार भिडलं.

मग ‘मॅजिकल गर्ल रेझिंग प्रोजेक्ट’ (2016) सुरू केली. सोळा मुली, त्यातल्या निम्म्या कमी करायच्या. चार भागांत कंटाळले; मुलगी ओळखीची होते न होते तोच मरते. पुढे सुधारते का?

‘युकी युना’मध्ये (2014) शक्ती वापरली की शरीराची एखादी क्षमता जाते म्हणे. ती मादोकाच्या जवळ जाणारी आहे का? ‘मॅजिकल गर्ल साइट’मधला छळ मला झेपेल असं वाटत नाही. कुणी दोन्ही पाहिल्यात? कृपया शेवट फोडू नका.