मदत हवी आहे: लॉन-कापामध्ये मोटारीचं गणित, मराठी आकडे आणि हिंट हे सगळं एकत्र कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

मी केज तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेतल्या एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून त्यावर लॉन-कापा बसवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेली ही मुक्त प्रणाली आहे. गृहपाठाचं उदाहरण टॅग लावून लिहायचं, आकडे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टमधून काढायचे. प्रत्येक लेकराला वेगळे आकडे मिळतात आणि उत्तर टाकल्याबरोबर बरोबर की चूक ते कळतं. वह्या एकमेकांच्या पाहून उतरवण्यावर याच्याइतका चांगला उपाय मला तरी दिसला नाही.

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठासाठी उदाहरण रचलंय. विहिरीवर ५ एचपीची मोटार आहे, पाणी ३० मीटर वर चढवायचंय आणि मोटारीच्या शक्तीपैकी ६० टक्केच पाणी उचलायला कामी येते. तर सेकंदाला किती लिटर पाणी पडेल? १ एचपी म्हणजे ७४६ वॅट धरले की ३७३० वॅट. त्याचे ६० टक्के २२३८. त्याला ९.८ (गुरुत्व त्वरण) गुणिले ३० म्हणजे २९४ ने भागलं की ७.६१. माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी मोटार आहे. या हिशेबाने ५००० लिटरची टाकी अकरा मिनिटांत भरते, हे लेकरं घरी जाऊन ताडून पाहू शकतात. म्हणून हेच उदाहरण नीट उभं राहावं अशी फार इच्छा आहे.

उंची, टक्के आणि एचपी हे तिन्ही आकडे स्क्रिप्टमधून येतात. उंची रँडम फंक्शनने २० ते ४०, पाचाच्या टप्प्याने. कार्यक्षमता ०.५५ ते ०.७०, ०.०५ च्या टप्प्याने. एचपी ३, ५ किंवा ७.५ यांपैकी एक. उत्तर तपासायला न्यूमेरिकलरिस्पॉन्स हा आकडी उत्तराचा टॅग लावलाय आणि टॉलरन्स (उत्तरात चालणारा फरक) १ टक्का ठेवलाय. अडचणी अशा:

पहिली आणि सगळ्यात मोठी. लेकरं घरच्या मोबाइलवरून उत्तर टाकतात आणि कीबोर्ड मराठी असतो. ‘७.६१’ असं मराठी आकड्यांत टाकलं की प्रणाली ते चूक धरते. गणित बरोबर करणाऱ्या लेकराला चूक म्हणणं मला अजिबात मान्य नाही. कीबोर्ड बदला असं सांगून पाहिलं, पण मोबाइल वडिलांचा असतो, रात्री तासभर हाती येतो. तिथं सेटिंग कोण बदलणार?

दुसरी. यासाठी कस्टमरिस्पॉन्स वापरून तपासणी स्वतः लिहावी म्हटलं, तर माझी न्यूमेरिकलहिंट (ठरावीक आकडा टाकला की दिसणारी सूचना) जाते. कार्यक्षमता न धरता १२.६९ उत्तर काढणारे पुष्कळ असतात. त्यांना नेमकं तेवढंच सांगणारी हिंट लावलीय, ती सोडवत नाही.

तिसरी. काही जण ९.८ ऐवजी १० घेतात. त्यांचं उत्तर ७.४६ येतं आणि चूक ठरतं.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद – गोदाकाठ

सर, उदाहरण फार आवडलं. मी नांदेडला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवते, लॉन-कापा आणि पर्ल दोन्ही रोजच्या वापरात आहेत.

मराठी आकड्यांचं कारण पर्लमध्ये आहे. ‘७.६१’ या अक्षरांना संख्या म्हणून वापरायला गेलं की पर्ल त्याचं शून्य करतं. मराठी अंक त्याला अक्षर म्हणून कळतात, किंमत म्हणून नाही. कस्टमरिस्पॉन्समध्ये विद्यार्थ्याचं उत्तर ज्यात येतं त्या सबमिशन या चलातले अंक बदलून घेता येतात, पण तिथं सांभाळून. मजकूर डिकोड झालेला (बाइटांची अक्षरं केलेला) नसेल तर एकेक मराठी अंक तीन बाइटचा असतो, आणि टीआर ही पर्लची अक्षरं बदलायची आज्ञा वापरून ‘० ते ९’ असा पल्ला एका ओळीत बदलायला गेलात तर भलतंच काही होऊन बसतं. दहा अंकांच्या बदलाच्या दहा स्वतंत्र ओळी लिहिलेल्या बऱ्या.

पण तुम्हाला हिंट ठेवायचीय, तर सर्व्हरवर बदलूच नका. उदाहरणाच्या पानातच जावास्क्रिप्टचा (ब्राउझरमध्येच चालणाऱ्या कोडचा) छोटा तुकडा टाका. उत्तराच्या चौकटीत काही टाइप झालं की त्यातला मराठी अंक शोधायचा, त्याच्या युनिकोड क्रमांकातून २३५८ वजा करायचे आणि येणारं अक्षर तिथं ठेवायचं. मराठी शून्य २४०६ वर आहे आणि इंग्रजी शून्य ४८ वर. पुढचे नऊ दोन्हीकडे ओळीनेच आहेत, त्यामुळे एकच वजाबाकी दहाही अंकांना चालते. सर्व्हरकडे साधा आकडा जाईल, न्यूमेरिकलरिस्पॉन्स आहे तसं राहील आणि हिंटही.

एककाचं बघा. टॅगमध्ये युनिट दिलं असेल तर काढून टाका. ‘लिटर’ असं मराठीत लिहिलेलं त्याला कळणार नाही. चौकटीच्या पुढे ‘लिटर प्रति सेकंद’ छापून टाका, म्हणजे लेकरांनी फक्त आकडा लिहायचा.

प्रतिसाद – बालाघाट

टॉलरन्स ३ टक्के करा. १० घेतल्याने फरक पडतो २ टक्क्यांचा. १० च्या जोडीला एचपीचे ७५० वॅट धरले तर ७.५ येतं, फरक दीड टक्क्याच्या आत. हे सगळे आत येतील. कार्यक्षमता विसरलेला मात्र कधीच आत येणार नाही, कारण ७० टक्क्यांना सुद्धा त्याचं उत्तर जवळपास दीडपट असतं. हिंटच्या टॅगमध्ये पण टॉलरन्स वेगळा द्या, नाहीतर १० घेऊन १२.४३ काढणाऱ्याला ती दिसणार नाही.

तुमच्या आकड्यांत पाच उंच्या, चार कार्यक्षमता, तीन एचपी, म्हणजे ६० जोड्याच होतात. मोठ्या वर्गात शेजारच्याशी आकडे जुळणारच. उंचीचा टप्पा १ करा, २५२ होतील. आणि कार्यक्षमता ५५ ते ७० अशी पूर्णांकात काढून नंतर १०० ने भागा. दशांशाच्या टप्प्याने काढली तर कधीकधी लांबलचक शेपूट छापलं जातं.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हे बदल गृहपाठ उघडण्याआधी करा. रँडमचे आकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या सीडवरून (त्याला ठरवून दिलेल्या सुरुवातीच्या क्रमांकावरून) ओळीने निघतात. मध्येच वर एखादं नवीन रँडम घातलं की खालचे सगळे आकडे सरकतात, आणि अर्धं गणित सोडवलेल्या लेकराला दुसऱ्या दिवशी भलतंच गणित दिसतं. चालू गृहपाठात नवीन रँडम लागलंच तर स्क्रिप्टच्या अगदी शेवटी घाला.

धागाकर्ता

गोदाकाठ ताई, बालाघाट सर, दोघांचे मनापासून आभार. वजाबाकीचा तुकडा टाकून पाहिला. मोबाइलवर ‘७.६१’ टाकताना डोळ्यांदेखत आकडे बदलतात आणि उत्तर बरोबर धरलं जातं. १२.६९ टाकल्यावर हिंटही येते. टॉलरन्स दोन्हीकडे ३ टक्के केलाय, सीड बदलून बदलून बऱ्याच आवृत्त्या डोळ्यांखालून घातल्या.

आता एवढंच विचारायचंय: हा जावास्क्रिप्टचा तुकडा प्रत्येक उदाहरणात चिकटवावा लागेल का?

प्रतिसाद – गोदाकाठ

नाही सर. तो एका लायब्ररी फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक उदाहरणात इंपोर्ट टॅगने ओढून घ्या. उद्या त्यात काही सुधारलंत तर एकाच जागी सुधारायचं. ती फाइल पब्लिश करून तिला वाचायची परवानगी दिलीत, तर आम्हालाही तीच वापरता येईल.