मदत हवी आहे: पलटी नांगराचा सिलेंडर, किट टाकून आठ दिवसांत परत गळतोय

सीनाकाठ
पलटी नांगराच्या हायड्रॉलिक सिलेंडरला आठ दिवसांपूर्वी नवीन सील किट (सीलांचा संच) टाकलं. परत तेल गळतंय, शिवाय नांगर पलटताना अर्ध्यात येऊन माघारी पडतोय. मोहोळजवळ बारा एकर नांगरट बाकी आहे, मृग तोंडावर आलाय. कुठल्या कंपनीचं किट टिकतं तेवढंच सांगा, आणायला माणूस सोलापूरला निघालाय.

लेथ_अक्कलकोटरोड
मालक, माणूस थांबवा. तेल कुठून येतंय? ग्लँडच्या (रॉड बाहेर येतो तिथल्या झाकणाच्या) तोंडातून रॉडला धरून, पोर्टच्या (पाईप जोडायच्या भोकाच्या) निपलजवळून की बुडाच्या वेल्डातून? बोर (नळीचा आतला व्यास) आणि रॉड किती एमएमचा? ग्लँड आट्याचा की सर्क्लिपचा (खाचेत बसणाऱ्या रिंगेचा)? काढलेलं सील टाकून दिलं नसेल तर त्याचा ओठ (रॉडला टेकणारी कड) कसा झिजलाय ते बघून लिहा.

बार्शी_डाळिंब
किटच्या नादी लागू नका. एकदा उघडलेला सिलेंडर परत धड होत नाही. सरळ नवा घ्या.

काळंरान
तेल पातळ झालं असणार. उन्हाळ्यात ९० नंबरचं घट्ट गिअर तेल घाला, गळायचं थांबतं.

लेथ_अक्कलकोटरोड
९० नंबर अजिबात घालू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. सकाळी गार असताना घट्ट तेल पंपाला ओढलं जात नाही, पंप घरघरतो आणि आतून खातो. सिलेंडर वाचवता वाचवता पंप जायचा. पुस्तकात दिलेलंच तेल ठेवा. ब्रेक ऑईल तर थेंबभरही नको, त्यानं रबरी सील फुगून लिबलिबीत होतं.

भीमा_पंढरपूर
लिफ्टचा ड्राफ्टचा दांडा कुठं ठेवता? नांगराला ड्राफ्ट कंट्रोल (ओढीच्या जोरावर खोली राखणारं), रोटाव्हेटरला पोझिशन (ठरलेल्या उंचीवर धरणारं). खोडव्याच्या रानात खोली एकसारखी राहत नसेल तर आधी टॉप लिंक बघा.

सीनाकाठ
भीमा, खोलीचा त्रास नाही. बोर ६३, रॉड ३५, ग्लँड आट्याचा. तेल रॉडला धरून येतंय. जुनं सील सापडलं, ओठ एकाच बाजूला घासलाय, बाकी गोल ठणठणीत. रॉडवर बोटभर उभी रेघ आहे.

लेथ_अक्कलकोटरोड
रेघेवरून नख आडवं फिरवा. अडकलं तर जगातलं कुठलंही किट त्या रॉडवर टिकणार नाही. रॉड आत-बाहेर होताना रेघेची धार ओठ कापत जाते. नुसतीच खूण असेल, नख घसरत असेल, तर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर तेल लावून रॉडभोवती गोल फिरवा. उभा ओढू नका, त्यानं तेलाला बाहेर यायला नव्या वाटा पडतात.

आता माघारी पडण्याचं. नांगर उभा होईपर्यंत रॉड आत ओढला जातो, मधला टप्पा ओलांडला की बाहेर ढकलला जातो. ६३ च्या बोरला ढकलताना ३१ चौरस सेंटीमीटरवर दाब बसतो. ओढताना त्यातून रॉडची जागा वजा होते, साडेएकवीसच उरतात. १५० बारला ढकलायला पावणेपाच टन मिळतात, ओढायला सव्वातीन. म्हणून पिस्टनवरून (रॉडच्या आतल्या टोकाच्या दट्ट्यावरून) तेल निसटायला लागलं की आधी ओढच कमी पडते. ग्लँडच्या सीलवर पुरा दाबही ओढतानाच येतो. तुमची दोन्ही लक्षणं त्यामुळे एकाच वेळी दिसतात, पण ग्लँडच्या चार थेंबांनी नांगर माघारी येत नाही. पिस्टनचं सील वेगळं तपासावं लागेल.

मंगळवेढा_ज्वारी
तपासायचं असं. नांगर एका बाजूला पलटलेला, जमिनीवर टेकलेला, रॉड पूर्ण बाहेर. इंजिन बंद करून सिलेंडर चालवायचा हायड्रॉलिकचा दांडा दोन्हीकडे हलवा, दाब उतरू द्या. रॉडकडच्या पाईपचा कपलर (झटपट जोड) ट्रॅक्टरमधून काढा, पाईप सिलेंडरकडून सोडा, त्या पोर्टखाली डबा ठेवा. इंजिन मंद चालवून रॉड बाहेर ढकलायच्या बाजूला दांडा क्षणभर धरा. सुरुवातीला साठलेलं थोडं तेल येईल, ते सोडून द्या. धार चालूच राहिली तर पिस्टनचं सील गेलंय. दांडा धरताना कुणीही नांगराजवळ नको.

गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक भोकातून दाबाचं तेल कातडीत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण त्याला तातडीनं शस्त्रक्रियाच लागते.

बार्शी_डाळिंब
एवढ्या खटाटोपात दोन दिवस जातील. नवा सिलेंडर दोन तासांत बसतो.

मंगळवेढा_ज्वारी
आणि तोही महिन्यात गळेल. ओठ एकाच बाजूला घासलाय असं ते सांगतायत, तिकडं बघा ना. याचा अर्थ रॉड तिरका चालतोय. दोन्ही टोकांच्या पिना काढून बुश (पिनेभोवतीची नळी) बघा. भोक लांबट झालं असेल, पिनला पायरी पडली असेल, तर जोर सरळ न लागता आडवा लागतो आणि रॉड ग्लँडच्या एका अंगाला रगडतो. सीनाकाठ, ग्लँडच्या आतली पितळी बाजू एकीकडेच चकाकते का?

सीनाकाठ
चकाकते. दुसऱ्या बाजूला तेलाचा काळा थर तसाच आहे. पिन हातानं खडखड हलते. नखही अडकतंय. टेस्टला धार थांबली नाही. रॉडला हार्ड क्रोम करून घेऊ का?

लेथ_अक्कलकोटरोड
क्रोमला पाठवलं तर जुना क्रोम उतरवणं, ग्राइंडिंग, प्लेटिंग, परत ग्राइंडिंग. मृगाच्या आत परत येईल याचा भरवसा नाही. ३५ चा तयार क्रोम रॉड कापून मिळतो. लेथवर पिस्टनची बाजू उतरवायची, आटे पाडायचे, डोळा (पिन घालायचं कडं) वेल्ड करायचा. वेल्डिंग सील बसवायच्या आधी. जुळलेल्या सिलेंडरला गॅस दाखवू नका, आत कोंडलेलं तेल फुटतं.

काळंरान
पिस्टन अडकला तर कॉम्प्रेसरची हवा मारली की झटक्यात निघतो.

लेथ_अक्कलकोटरोड
असं कुणीही करू नका. रॉड गोळीसारखा सुटतो. दोन्ही पोर्ट उघडे ठेवून, ग्लँड सोडून, हातानं ओढायचा.

भीमा_पंढरपूर
क्रोमवाला रॉडही नांगर उघड्यावर, रॉड बाहेर ठेवून पावसाळाभर उभा केला तर गंजाचे ठिपके धरतो. ठेवताना रॉड आत घ्या, जमत नसेल तर ग्रीस चोपडा.

सीनाकाठ
किट बसवताना मागच्या वेळी काय चुकलं असेल? तेही सांगा, यावेळी मीच बसवणार.

लेथ_अक्कलकोटरोड
मूळ कारण रॉड आणि पिन. पण पिस्टनचं सील आठ दिवसांत जातं ते बहुतेक बसवतानाच कापलेलं असतं. पोर्टच्या भोकाची आतली कड बोट घालून बघा, धारदार असेल तर पॉलिश पेपरनं मोडा, पिस्टन आत सारताना सील तिथंच सोललं जातं. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळून मगच ग्लँड चढवा. पॉलीयुरेथेनचं सील साठ-सत्तर अंश गरम तेलात पाच मिनिटं ठेवा, काजूसारखं दुमडून खाचेत सोडा. स्क्रूड्रायव्हरनं ढकलू नका. ओठ तेलाकडे, धूळ पुसणाऱ्या वायपरचा ओठ बाहेर. पिस्टनवर टेफ्लॉनची रिंग असेल तर ती ताणून बसवल्यावर मोठीच राहते. पत्र्याची गोल पट्टी आवळून दहा मिनिटं दाबून ठेवा, मग बॅरलमध्ये (सिलेंडरच्या नळीत) घाला. पिस्टनच्या नटाला लॉकटाइट लावा.

सीलचं माप जुन्या सीलवरून घेऊ नका, ते तेलात फुगलेलं असतं. खाच व्हर्नियरनं मोजा: रॉडचा व्यास, खाचेचा बाहेरचा व्यास, खाचेची उंची. हे तीन आकडे दुकानात सांगा, ट्रॅक्टरचं नाव सांगू नका. बॅरलमध्येही बॅटरी लावून बघा. उभे ओरखडे असतील तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून घ्या.

जोडल्यावर भार न देता, इंजिन मंद ठेवून, चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा. हवा राहिली तर रॉड झटके देतो आणि दाबाखाली हवा तापून सीलची कड जळते. मग रॉड आत घेऊन ट्रॅक्टरचं तेल बघा.

सीनाकाठ
रॉडचं माप घेतलं, बुश आणि पिना काढून पिशवीत भरल्या. उद्या सकाळी एमआयडीसीत येतोय. किट रॉड हातात आल्यावर, खाच मोजूनच घेतो.

मंगळवेढा_ज्वारी
पिनेला ग्रीस निपल आहे का तेही बघा. नसेल तर लेथवर असतानाच भोक पाडून घ्या.