जर्मनीतील जुनी गावे आणि जंगले : गाइडसोबतच्या एकदिवसीय सहली (अनुभव धागा)

फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा श्टुटगार्ट येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात, शहर पाहून होते, आणि मग सकाळी निघून रात्री परत आणून सोडणाऱ्या बससहलींची चौकशी सुरू होते. हायडेलबर्ग, रोटेनबुर्ग, ब्लॅक फॉरेस्ट आणि हार्ट्सचे डोंगर ही नावे त्यात हटकून असतात. जाहिरातींमधील छायाचित्रे मात्र सगळीकडची सारखीच दिसतात : लाकडी चौकटींची घरे, खिडक्यांत लाल फुले आणि मागे गर्द झाडी. म्हणून या धाग्यासाठी सर्वांना एकच प्रश्न विचारला होता. गाइडने असे काय दाखवले, जे आपण एकटे गेलो असतो तर दिसले नसते? आणि कुठे गाइड नसता तरी चालले असते? सहल कंपन्यांची नावे लिहू नयेत, अशी विनंती केली होती आणि ती सर्वांनी पाळली आहे.

हायडेलबर्ग : फ्रँकफर्टहून, सासूसासऱ्यांसह

फ्रँकफर्टहून हायडेलबर्ग बसने साधारण सव्वा ते दीड तासावर आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना घेऊन जाण्यास ही सहल मला सर्वांत सोयीची वाटते. आमच्या गाइड त्याच गावच्या, निवृत्त शिक्षिका होत्या. बहुतेक गट किल्ल्याच्या अंगणात छायाचित्रे काढतात आणि तळघरातील प्रचंड पिंपाकडे धावतात. सन १७५१ मधले ते लाकडी पिंप सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन मावेल एवढे आहे आणि ते पाहण्यासारखे आहे, यात वाद नाही. पण बाईंनी आम्हाला आधी फुटक्या बुरुजापाशी नेले. फ्रेंच सैन्याने हा किल्ला १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला, तेव्हा सुरुंगाच्या स्फोटाने या बुरुजाची एक अख्खी बाजू सुटून खंदकात घसरली, ती आजही तशीच पडून आहे. तिथे भिंतीची जाडी सुमारे साडेसहा मीटर आहे हे नुसते ऐकून कळत नाही; तुटलेल्या कडेसमोर उभे राहिल्यावर कळते. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, त्या खुणा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यामुळे शत्रू किल्ला जिंकतो तेव्हा तो पुन्हा लढवता येऊ नये अशी व्यवस्था करून जातो, हे सासऱ्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. १७६४ मध्ये वीज पडून दुरुस्त होत आलेला भागही जळाला, गावकरी किल्ल्याचे तांबडे दगड घरबांधणीसाठी नेऊ लागले आणि शेवटी शार्ल द ग्रॅम्बेर्ग या फ्रेंच सरदारानेच ती लूट थांबवण्यासाठी आयुष्य खर्ची घातले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोठा वाद झाला की किल्ला पुन्हा उभारायचा की पडका आहे तसाच जपायचा. फ्रीडरिश महाल १९०० पर्यंत सजवून पूर्ण करण्यात आला. त्याच्या शेजारच्या ओटहाइनरिश महालाला मात्र गेओर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराच्या आग्रही विरोधामुळे छप्पर मिळाले नाही. एकाच अंगणात त्या वादाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकटे गेलो असतो, तर एक इमारत चांगली राहिली आणि एक पडली एवढेच आम्हाला वाटले असते.

एक गोष्ट गाइडना ठाऊक नव्हती, ती मी सांगितली. १३८६ मध्ये स्थापन झालेल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोंथायमर शिकवीत असत. खंडोबा, धनगर आणि महाराष्ट्रातील लोकदैवते हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. सासरे मूळचे जेजुरीचे. त्यानंतर जुन्या पुलावर पोहोचेपर्यंत त्यांनी किल्ल्याचा विषय काढला नाही, खंडोबाचाच काढला.

रोटेनबुर्ग : म्युनिकहून

मी थोडे कडू लिहिणार आहे. म्युनिकहून जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्ये गेले आणि गावात दोन तासांहून थोडा अधिक वेळ मिळाला. बस तटाबाहेर थांबते. तेथून चौकात जाणे, गर्दीतून वाट काढणे आणि ठरलेल्या वेळेला परत येणे यात तो वेळ कसा सरतो ते कळत नाही. चौकातील घड्याळाच्या खिडक्या उघडतात आणि महापौर नुश यांनी १६३१ मध्ये सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन सेनापती टिलीपासून गाव वाचवले, ही दंतकथा बाहुल्या करून दाखवतात. सगळे ती पाहण्यासाठी माना वर करून उभे राहतात. गाइडने स्वतःच हसत सांगितले की ही कथा इतिहासापेक्षा पर्यटनाच्या अधिक कामी आली आहे.

मात्र त्याच गाइडने आम्हाला तटावर चढवले आणि तिथे माझे मत बदलले. तटाच्या दगडांत ठिकठिकाणी माणसांची, गावांची आणि संस्थांची नावे कोरलेली आहेत. ३१ मार्च १९४५ रोजी या गावावर बॉम्ब पडले, पूर्वेकडचा मोठा भाग जळाला, तटाचीही पडझड झाली. पुढे जगभरातून देणग्या आल्या आणि ज्यांनी तटाच्या दुरुस्तीचा खर्च उचलला त्यांची नावे दगडांवर आली. म्हणजे मध्ययुगातून जसेच्या तसे उतरलेले म्हणून जे गाव दाखवले जाते, त्याचा बराच भाग आपल्या आजीआजोबांच्या हयातीत पुन्हा बांधला गेला आहे. ते इतक्या निगुतीने बांधले आहे की सांगितल्याशिवाय सांधा सापडत नाही.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायला गाइडचे मन घट्ट असावे लागते. नाझी राजवटीने या गावाला आदर्श जर्मन गाव म्हणून मिरवले, कामगारांच्या सरकारी सहली येथे आणल्या आणि येथील उरलेल्या ज्यू रहिवाशांना ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्हणजे ज्यूंविरुद्धच्या देशभरातील नोव्हेंबरच्या हिंसाचाराच्याही आधी, गावातून हाकलण्यात आले. ज्यू गल्ली आजही आहे, घरेही आहेत. आमच्या गटातील एक-दोघांना हे ऐकणे नको होते, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले. मला मात्र या दोन वाक्यांसाठी तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

सेंट याकोब चर्चमधील शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडर यांची लाकडी वेदी बहुतेक बससहलींत बसत नाही. ती अवश्य पाहावी, आणि त्यासाठी गावात रात्री मुक्काम करावा. येशूच्या अखेरच्या भोजनाच्या प्रसंगात त्याला दगा देणाऱ्या यहूदाची आकृती मध्यभागी आहे आणि लाकडावर रंग चढवलेला नाही, त्यामुळे खिडकीतील प्रकाश फिरेल तसे चेहरे बदलत जातात. दोन तासांच्या मुक्कामात हे होणे नाही.

ब्लॅक फॉरेस्ट : श्टुटगार्टहून, दोन वेगळ्या सहली

पहिली सहल नेहमीची. ट्रीबेर्गचा १६३ मीटरचा धबधबा, टिटिझे तलाव, कुकू घड्याळांचे दुकान, केक. गाइड बसमधील ध्वनिक्षेपकावरून बोलत होता आणि त्याचा अर्धा वेळ घड्याळे कशी निवडावीत यात गेला. दुकानात आम्ही जितका वेळ थांबलो, त्याहून कमी वेळ झाडांत होतो. गुटाख येथील खुल्या संग्रहालयात १६१२ मधील शेतकऱ्याचे घर आहे, ज्याचे उतरते छप्पर जवळजवळ जमिनीला टेकते आणि ज्याच्या एकाच छपराखाली माणसे, गुरे आणि चारा असे सारेच राहत असे. ते पाहिले नसते, तर दिवस फुकट गेला असता.

दुसरी सहल राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरसोबत पायी केली. हे उद्यान २०१४ मध्येच झाले आहे, हे ऐकून आम्हाला नवल वाटले, कारण हे जंगल अनादी काळापासून असेच असणार अशी आपली समजूत असते. रेंजरने ती समजूत चालता चालता मोडली. काचेच्या भट्ट्या, कोळसा आणि ऱ्हाइन नदीतून हॉलंडपर्यंत तरंगत नेलेले लाकडाचे तराफे यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांपर्यंत हे डोंगर बरेचसे उघडे केले होते. मग स्प्रूस लावला, कारण तो लवकर वाढतो आणि सरळ वाढतो. ज्या काळोख्या सूचिपर्णी जंगलाची आपण छायाचित्रे काढतो, त्याचा बराच भाग हा लावलेला आहे. मूळ जंगलात बीच आणि सिल्व्हर फर अधिक होते.

एकाच जातीचे झाड, तेही उथळ मुळांचे, असेल तर काय होते हे २६ डिसेंबर १९९९ रोजी लोथार वादळाने दाखवले. डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या महामार्गालगत सुमारे १० हेक्टरचा पडझडीचा पट्टा मुद्दाम न उचलता ठेवला असून त्यातून लाकडी फळ्यांची छोटी पायवाट काढली आहे. आडव्या खोडांवरून आणि खालून जात असताना मध्येच रोवनची आणि बर्चची झाडे उंच झालेली दिसतात. ती कोणीही लावलेली नाहीत. रेंजरचे म्हणणे असे की पाहुणे विचारतात, हा कचरा कधी उचलणार? तो प्रश्न आमच्यापैकी एकाने त्याच्या आधीच विचारून टाकला होता.

या पायी सहली बहुधा जर्मन भाषेत असतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात केलेल्या जर्मनच्या परीक्षा मला नोकरीपेक्षा इथे अधिक उपयोगी पडल्या.

हार्ट्स : हानोफरहून

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. क्वेडलिनबुर्ग येथे दोन हजारांहून अधिक लाकडी चौकटींची घरे आहेत, १९९४ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे आणि आमच्या गाइड पूर्व जर्मनीच्या काळात तिथेच वाढलेल्या होत्या. जुनी घरे पाडून प्रबलित काँक्रीटच्या इमारती उभ्या करण्याचे बेत तेव्हा होते. सगळे पाडण्याइतका पैसा नव्हता म्हणून बरेच वाचले, असे त्या म्हणाल्या. दुपारी वेर्निगेरोडेहून वाफेच्या इंजिनाच्या छोट्या गाडीने ब्रोकेनवर गेलो. ११४१ मीटर उंचीचे हे शिखर १९६१ पासून सामान्य लोकांना बंद होते, कारण पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधील सीमा अगदी जवळ होती आणि वर टेहळणीची यंत्रणा होती. ३ डिसेंबर १९८९ रोजी लोकांनी मोर्चाने येऊन ते उघडून घेतले. वाटेतील उतार पाहून मात्र मन खिन्न होते. २०१८ पासूनचे कोरडे उन्हाळे आणि साल पोखरणारे भुंगे यांमुळे स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर राखाडी उभे आहेत. जाहिरातीत हिरवेगार जंगल आहे; ज्यांना तेच पाहायचे असेल त्यांनी आधी चौकशी करावी. वर बहुधा धुके असते, तेव्हा जाकीट न्यावे.

मारबुर्ग : बसशिवाय

वरील सर्व लिहिणाऱ्यांपेक्षा माझे मत वेगळे आहे. मे २०२३ पासून देशभरातील प्रादेशिक गाड्यांत चालणारे मासिक जर्मनी तिकीट मिळते. ज्याच्याकडे ते आहे त्याने बसचे पैसे का द्यावेत, हे मला समजत नाही. गाइड हवाच असेल, तर त्या गावाच्या पर्यटन कार्यालयाची पायी फेरी घ्यावी. ती स्वस्त असते आणि गाइड गावातलाच असतो. फ्रँकफर्टहून मारबुर्गला प्रादेशिक गाडीने साधारण एक तास लागतो. १२३५ मध्ये सुरू झालेले एलिझाबेथ चर्च, १५२७ मधील विद्यापीठ आणि जिथे ग्रिम बंधू कायदा शिकले त्या चढत्या गल्ल्या असे सारे एका दिवसात निवांत होते. चढ खरोखर उभा आहे, परंतु जुन्या गावात नेणारी सार्वजनिक लिफ्ट आहे.

ग्रिम बंधूंच्या परीकथांचे जंगल म्हणून कासेलच्या उत्तरेचा राइनहार्ड्सवाल्ड दाखवतात. तिथे मात्र गाडी किंवा आयोजित सहल लागते, एवढे मी मान्य करतो. तिथल्या साबाबुर्ग किल्ल्याजवळचे जुने ओक १९०७ पासून राखीव आहेत. ते इतके पसरट का, तर शतकानुशतके गावाची गुरे-डुकरे त्या झाडांखाली चरत आणि झाडांना मोकळी जागा मिळे. त्याला आदिम जंगल म्हणतात, पण ते गुराख्यांनी घडवलेले आहे.

खाण्यापिण्याविषयी : न्युर्नबेर्गहून

इतक्या इतिहासात हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. अंडे चालणाऱ्या शाकाहारी ज्येष्ठांसाठी केझेश्पेट्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या गव्हाच्या आणि अंड्याच्या शेवया, हा भरवशाचा पदार्थ आहे, मात्र वर तळलेला कांदा आहे की डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत ते विचारून घ्यावे. माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, दिसायला निरुपद्रवी असतात, परंतु आत बहुधा मांस असते. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे पाणी आणि दशम्या घरूनच न्याव्यात. सुटी नाणी जवळ ठेवावीत, स्वच्छतागृहांना लागतात. जंगलातील सहलीनंतर अंग तपासून गोचिडी आहेत का ते पाहावे; बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका असतो आणि त्यावर लस मिळते.

हायडेलबर्गच्या लेखिकेस प्रश्न, आणि उत्तर

प्रश्न : माझी आजी गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालते. ही सहल तिला झेपेल का?

उत्तर : किल्ल्यापर्यंत कोर्नमार्क्टवरून केबलने ओढली जाणारी रेल्वे जाते, तेव्हा चढण टळते. अंगण मात्र गोट्यांच्या फरसबंदीचे आहे आणि पिंपाच्या वरच्या मचाणावर जाण्यास पायऱ्या आहेत; आजींनी खालूनच पिंप पाहावे. त्याच इमारतींत औषधशास्त्राचे संग्रहालय आहे, तिथे जुन्या बरण्या आणि खलबत्ते पाहताना माझ्या सासूबाई बराच वेळ रमल्या. पायी फिरण्याचा भाग किती वेळाचा आहे हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्या, आणि गाइडला आजींबद्दल सकाळी बसमध्येच सांगून ठेवा, म्हणजे त्या गट थांबवत नेतील.