पुरात बुडालेली जुनी गाडी पुन्हा सुरू करताना: तुमचे अनुभव सांगा

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावात शिरला. बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर घाईघाईत मी चावी फिरवली. सेल्फ एकदाच टक् वाजला आणि अडकला. चारही प्लग काढून पुन्हा सेल्फ मारला, तर दोन नंबरच्या सिलिंडरमधून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. अडकलेल्या पाण्यानं पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला नाही हे नशीबच. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, ते दोनदा बदललं.

पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे संपर्क, पॉलिश पेपरनं घासले आणि फिलर गेजनं (फट मोजायची पातळ पट्टी) त्यांची फट ०.४५ मिमीवर लावली. पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर आणि प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल नवीन टाकली. प्लगचा पिवळट करंट, म्हणजे ठिणगी, निळा झाला, गाडी सुरू झाली. तरी आजही दव पडलं की सकाळी फटफट करते, ऊन चढलं की नीट चालते. अशी गाडी तुम्ही सुरू केली असेल तर काय सापडलं ते सविस्तर लिहा.

हिंगणघाटहून, अ‍ॅम्बेसेडरवाले
दादा, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅप बघा. जुलै २०२२ च्या पुरानंतर आम्ही कॅप नुसती उन्हात वाळवली, तिथेच चुकलो. पाणी उडून जातं, गाळ आत बसून राहतो आणि ओल आली की त्यातून करंट पळतो. आमच्या कॅपमध्ये दोन टोकांच्या मधे पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. ती रेघ पडली की कॅप बदलावीच लागते, घासून भागत नाही. आधी स्वच्छ पाण्यानं धुवायची, मग वाळवायची. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसतील.

दिग्रसकडून, पेट्रोल जीप
भाऊ, कॅप काढाच्या आधी वायरींवर खुणा करजा. २०२३ च्या पाण्यानंतर म्या साऱ्या वायरी एकदमच उपसल्या अन् मंग कोणती कुठची समजेच ना. सेल्फ मारला का कार्बोरेटरमधून फाडकन जाळ. आखरीले मायनं तिच्या टिकल्यायचं पाकीट देल्लं. एक नंबरच्या वायरीले एक टिकली, दोनले दोन, असं करून १-३-४-२ ह्या ठिणगीच्या क्रमानं लावलं, तवा गाडी बोलली.

वरूड, गॅरेजवाला
कॉइलला १२ व्होल्ट येतात, पॉइंट उघडमीट करतात आणि तरी करंट नाही, अशी गाडी आली की मी पहिले अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट, बघतो. डिस्ट्रिब्युटरच्या आत प्लेटला एक छोटी लवचिक वायर असते, ती गंजून तुटते आणि वरून अख्खी दिसते. इंजिनची अर्थिंग पट्टीही तशीच. बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनला जाड वायर लावून बघा. सेल्फ जोरात फिरला तर पट्टीच खराब.

धागा काढणारा
आज कॅप काढली. हिंगणघाटच्या काकांनी सांगितली तश्शीच रेघ आहे, एक आणि तीनच्या मधे. अर्थिंगची छोटी वायरही हिरवी पडली आहे. कॅप नागपूरहून मागवली. तोवर गाडी झाकून ठेवली आहे. बाबा रोज ताडपत्री उचलून बघून जातात.