‘कालेवाला’ गद्यात सांगताना पुनरुक्तीचं काय करायचं?

उत्तरवारा:
एलियास ल्योनरोटने लोकगीतांतून संकलित केलेलं फिनलंडचं महाकाव्य, १८४९ चं ‘कालेवाला’ (५० सर्ग, २२,७९५ ओळी) मराठी गद्यात २५० पानांत बसवायचंय. जवळजवळ प्रत्येक ओळीमागून तोच अर्थ फिरवून सांगणारी दुसरी ओळ येते. दोन्ही घेतल्या तर मजकूर फुगतो, एक गाळली तर नुसता सांगाडा उरतो. दुसरं म्हणजे, शोकांत नायक कुल्लेर्वोचा बाप आणि सगळं कूळ ३१ व्या सर्गात मेलं असं वाटतं (फक्त एक गरोदर बाई उरते) आणि ३४ व्यात आईबाप जिवंत निघतात, हे कसं सांभाळायचं? नावांची लेखनंही सुचवा.

कणगी:
जोडओळींतली जास्त ठोस ओळ ठेवा, दुसरी सोडा. मात्र दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, आकडे. एका ओळीत सहा आणि पुढच्या ओळीत सात आले, तर ती बेरीज नसते आणि चूकही नसते. नुसती चढती लय असते, एकच आकडा घ्या. दुसरं, नावं. पोह्योला, पिमेंतोला आणि सारिओला हा एकच उत्तरेचा मुलूख आहे. नवखे लेखक तीन गावं करून बसतात.

जिथे पुनरुक्तीवरच कथा उभी आहे तिथे कात्री लावू नका. १० वा सर्ग बघा. साम्पो हे जादूचं यंत्र घडवायला सामान काय, तर हंसाच्या पिसाचं टोक, वांझ गाईचं दूध, जवाचा एक दाणा आणि एका मेंढीची लोकर. भट्टीतून आधी निघतं धनुष्य, मग नाव, मग कालवड, मग नांगर. दिसायला सगळं देखणं, पण खोड वाईट: धनुष्याला रोज एक मुंडकं हवं, सणासुदीला दोन, नाव विनाकारण लढाईला निघते, कालवड दूध जमिनीवर सांडते, नांगर गावाची शेतं नांगरत सुटतो. लोहार इल्मारिनेन प्रत्येक वस्तू मोडून परत आगीत टाकतो. चारातल्या दोन गाळल्या की साम्पो लॉटरीसारखा हाती लागल्यासारखा वाटतो. प्रत्येकीला दोन वाक्यं पुरतात.

आणि साम्पोला ‘जातं’ म्हणू नका. जातं म्हटलं की मराठी वाचकाला खुंट्यावरचा हात दिसतो, ओवी ऐकू येते. हा तर आपोआप दळतो: एका बाजूने पीठ, दुसरीने मीठ, तिसरीने पैसा. एक कणगी खायला, एक विकायला, एक घरात ठेवायला. नाव ‘साम्पो’च ठेवा. (‘सॅम्पो’ नको, ते इंग्रजीच्या वाटेने आलंय.)

रुनोवाला:
कुल्लेर्वोची विसंगती ल्योनरोटच्या जोडकामातली आहे. वेगवेगळ्या गायकांची वेगवेगळी गाणी त्याने एका नायकाच्या गळ्यात घातली. गद्यात उपाय सोपा: ३१ व्यात ‘सगळे मारले गेले’ हे निवेदकाच्या तोंडी देऊ नका, हे कूळ मारणाऱ्या काकाच्या, उंतामोच्या माणसांच्या तोंडी द्या. मग ३४ व्यात धक्का बसतो, चूक दिसत नाही.

खरी हानी होते ती ३३ व्या सर्गात. इल्मारिनेनची बायको गुराखी कुल्लेर्वोच्या भाकरीत दगड भरते, एवढंच बहुतेक पुनर्कथनांत उरतं. मुळात ३२ व्यात ती भाकरी भाजते: खाली ओट, वर गहू आणि मधे दगड. ३३ व्यात कुल्लेर्वो ती सुरीने कापायला जातो आणि पातं दगडावर तुटतं. सुरी बापाची, त्याच्याकडे असलेली घरची एकुलती एक वस्तू. सूडाचं कारण दगड नाही, ती सुरी आहे. म्हणून ती ३१ व्या-३२ व्या सर्गातच सहज एखाद्या वाक्यात दाखवून ठेवा. ३३ व्यात ओळख करून दिली तर ती सोयीपुरती आणल्यासारखी वाटते.

उत्तरवारा:
सुरीचं लक्षातच आलं नव्हतं. म्हाताऱ्या वॅइनॅमोइनेनशी लग्न नको म्हणणाऱ्या आइनोची गोष्ट ‘प्राचीन फिनिश पुराणकथा’ म्हणून चालेल का?

रुनोवाला:
जपून. लोकगीतांतली मुलगी गळफास घेते. पाण्यात बुडणारी आइनो बरीचशी ल्योनरोटची. कथा तशीच सांगा, प्रस्तावनेत दोन ओळींत हे नोंदवा.

कणगी:
नावांबद्दल: फिनिश ‘जे’ हा ‘य’ आहे, म्हणून आइनोचा भाऊ योउकाहाइनेन, ‘जोउका’ नको. जोड व्यंजनं दुप्पटच लिहा: कुल्लेर्वो, लेम्मिन्कॅइनेन. म्हाताऱ्या गायक-नायकाला वॅइनॅमोइनेन. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. आहती आणि काउकोमिएली ही लेम्मिन्कॅइनेनचीच नावं, तेव्हा पात्रांच्या यादीत त्यांना वेगळी ओळ देऊ नका.